होडीतल्या म्हातारीचं पुढे काय झालं?

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. हंसाबेनच्या दुकानातल्या घड्याळात मी स्वतः बघितलं होतं, कारण तीनला आमच्या गल्लीत नळ येतो आणि माझा अर्धा जीव कायम नळापाशी असतो. तेव्हा सुरू झालं हे सगळं. पुढच्या दोन महिन्यांत इतके किस्से साठले, की पाहुणे आले की पिंकीचे पप्पाच म्हणतात, "अगं, ते कॉम्प्युटरचं सांग ना!" एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा निघतो, आणि पाहुण्यांचा चहा गार. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं.

आधी थोडक्यात सांगते. नव्व्याण्णव साल. आम्ही सुरतला, लिंबायतमध्ये. पिंकीचे पप्पा कापडाच्या लूमवर कामाला, पिंकी पाच वर्षांची. मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे पोरीला इंग्लिश मीडियममध्ये घालायचं हे डोक्यात पक्कं. शाळेत गेलो तर तिथल्या मोठ्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "मम्मी, घर में इंग्लिश कौन पढ़ाएगा?"

मी खाली फरशीकडे बघितलं.

मॅडम म्हणाल्या, "मार्च में आइए. बच्ची एक छोटी स्टोरी इंग्लिश में सुनाएगी. बीच में मैं आपसे पूछूंगी. हो गया, तो अ‍ॅडमिशन."

म्हणजे पोरीचं सगळं माझ्यावर! पिंकी नापास झाली असती तर ती लहान आहे म्हणून सोडून देता आलं असतं. मी नापास झाले तर काय सांगणार होते मी तिला?

हंसाबेनचं झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान. त्याच वर्षी तिच्या नवऱ्यानं कॉम्प्युटर घेतला, त्याला इंटरनेट. त्यात एक पान होतं, सोप्या सोप्या गोष्टी वाचून इंग्लिश शिका म्हणून. हंसाबेन म्हणाली, "दुपारी गिऱ्हाईक नसतं सुनीताबेन, या तुम्ही." मी एकटी कशी जाणार? शेजारच्या मंगलावहिनींना घेतलं. त्या अमळनेरकडच्या, घरात दारात सगळीकडे अहिराणीच. आणि समोरच्या रंजनाताई. त्या नववी पास, डिक्शनरी त्यांची. पिंकी माझ्या मांडीवर.

*

पहिल्याच दिवशी हंसाबेननं फोनची लाईन कॉम्प्युटरला जोडली आणि त्या डब्यातून जो काही आवाज सुरू झाला! किर्रर्र, टूंईं, घर्रर्र! आम्ही लूमच्या खडखडाटात जगलेली माणसं, पण हे काहीतरी वेगळंच.

मंगलावहिनी उठून दारात. "काय व्हयनं वं माय! यंत्र मरी ऱ्हायनं!"

हंसाबेन म्हणाली, "काही नाही बेन, अमेरिकेला फोन लागतोय."

मंगलावहिनींनी पदर डोक्यावर घेतला, केस नीट केले आणि परत येऊन बसल्या. म्हणे, "आधी सांगायचं ना, समोर माणसं आहेत म्हणून!"

*

दुकानात नियम कडक होता. चपला बाहेर. पिंकीचे हात धुतलेले. आणि कॉम्प्युटरला हंसाबेनशिवाय कोणी बोट लावायचं नाही. तिच्या नवऱ्याची तशी ताकीद होती. मी नुसती पुढे वाकले तरी काउंटरवरून ओरडायची, "हाथ नहीं अडाडवानो!" त्यामुळे ती गोष्ट उघडून द्यायची आणि झेरॉक्सकडे जायची, आम्ही तिघी देवासमोर बसावं तशा हात मागे घेऊन वाचायचो. रंजनाताई डिक्शनरीत शब्द शोधायच्या, मी वहीत लिहायचे. पडद्यावरच्या पंधरा ओळींना एक तास लागायचा. वेळ झाली की हंसाबेन टाळी वाजवून म्हणायची, "टुमारो, टुमारो!" तिला येणारं इंग्लिश तेवढंच, पण ते ती आमच्यावर रोज खर्च करायची.

पहिली गोष्ट. एक मुलगा झाडावर चढतो. खाली एक भला मोठा कुत्रा येऊन बसतो. अंधार पडतो. मुलगा एकटा. फांदी कडकड वाजते.

संपली!

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. "एवढीच?" रंजनाताईंनी पडद्याच्या मागेसुद्धा वाकून बघितलं. पुढे काही नाही.

दुसरी गोष्ट, बाजारात हरवलेली मुलगी. रडत रडत एका दारापाशी जाते. दार बंद. संपली!

मंगलावहिनींचा हात छातीवर. "या लोकांना काळीज आहे का नाही? पोरांना असलं शिकवतात!"

रंजनाताई चष्मा पुसत म्हणाल्या, "म्हणूनच ते पुढे गेले. रडत बसत नाहीत."

त्या दिवशी नळाचं पाणी भरताना माझी कळशी दोनदा ओसंडली. लक्ष सगळं त्या बंद दारात.

*

तिसरी गोष्ट मात्र घरात शिरली. एक म्हातारी एकटीच होडीत. मध्यावर गेल्यावर तिला दिसतं, होडीला भोक आहे. पाणी आत येतंय. म्हातारी पाण्याकडे बघते. संपली.

ही मी पिंकीच्या पप्पांना जेवताना सांगितली. हा माणूस मी काही सांगायला लागले की "हं, हं" करत भाकरी मोडतो. त्या दिवशी हात ताटातच थांबला.

"पुढे?"

"पुढे नाही."

"नाही म्हणजे? म्हातारी मेली का?"

"लिहिलेलं नाही."

ते तसेच कामाला गेले आणि तिथं बाजूच्या कारागिराला सांगितलं. त्यानं त्याच्या बाजूच्याला. एक म्हणाला म्हातारीनं लुगडं फाडून भोक बुजवलं असणार, दुसरा म्हणाला, वल्हं आहे ना, मग मार की हात! वाद इतका पेटला की चार लूमवर धागे तुटले तरी कोणाचं लक्ष नाही. शेठ धावत आले. मला वाटलं, आता नोकरी गेली! पिंकीचे पप्पा घरी आले ते तोंड पाडून. मी घाबरत विचारलं, "काय म्हणाले शेठ?"

"आधी ओरडले," ते म्हणाले. "मग सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, उद्या बायकोला विचारून ये."

*

मला आणखी एक काळजी लागलेली, की कॉम्प्युटरच्या उजेडानं पिंकीचे डोळे बिघडतील. म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर हौशी. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि इंग्लिशमध्ये विचारलं, "हाऊ आर यू, बेटा?"

पिंकी ताठ बसली. दोन महिन्यांत शिकलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं. "अलोन! डार्क! सडनली वॉटर!"

डॉक्टरांनी टॉर्च खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "बेन, घर में कोई तकलीफ है? कोई मारता-वारता है?"

पिंकीचे पप्पा माझ्या शेजारीच उभे होते. गळ्यात तिची गुलाबी पाण्याची बाटली अडकवून!

*

शाळेत जायच्या आदल्या दिवशी. आम्ही झाडावरच्या मुलाची गोष्ट परत काढून घेतली, पिंकीची उजळणी म्हणून. तिला आली जांभई, आणि तिनं कोपर टेकवलं ते नेमकं कॉम्प्युटरच्या बटणांवर.

पडद्यावरची सगळी अक्षरं सरसर वर गेली!

"मोडलं!" मी किंचाळले. मंगलावहिनींनी डोळे मिटून घेतले. हंसाबेन झेरॉक्सचा कागद तसाच टाकून धावत आली, बघितलं आणि म्हणाली, "कुछ नहीं तूटा. ये तो नीचे का है."

खालचं?

खाली अजून ओळी होत्या! खूप ओळी! रंजनाताईंनी चष्म्याला दोन्ही हातांनी धरलं. मुलगा झाडावरून उतरला होता. कुत्रा त्याच्याच काकांचा होता! मग हरवलेली मुलगी काढली. दार उघडलेलं, आत तिची आजी! 'हॅपी' हा शब्द आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

रंजनाताईंनी डिक्शनरी मिटून ठेवली. मंगलावहिनींचा मात्र संताप आवरेना. "दोन महिने मी त्या पोऱ्याच्या नावानं मंगळवार धरले! अन तो घरी जाऊन जेवला!"

"म्हातारी काढा," मी म्हटलं. "हंसाबेन, आधी म्हातारी काढा!"

होडी आली. भोक आलं. पाणी आलं. हंसाबेननं खाली न्यायला बोट टेकवलं, तेवढ्यात एक ओडिया कारागीर दारात. त्याला गावी फोन लावायचा होता, घरून तार आलेली, चेहरा उतरलेला. दुकानात लाईन एकच. हंसाबेननं आमच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि कॉम्प्युटरची वायर काढली.

"टुमारो," ती म्हणाली. टाळी काही वाजवली नाही.

*

दुसऱ्या दिवशी शाळा. रिक्षात मी पिंकीला शंभरदा बजावलं, "झाडावरचा मुलगा सांगायचा हं. त्याचा शेवट आपल्याला माहीत आहे. म्हातारी नको. म्हातारी अजिबात नको!"

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "यस, बेबी?"

पिंकी उभी राहिली, हात मागे घेतले. "वन ओल्ड वुमन."

मी पिंकीचा फ्रॉक मागून ओढला.

"वन बोट. बोट हॅज होल. वॉटर कम, कम, कम. ओल्ड वुमन अलोन." पिंकी थांबली, मॅडमच्या डोळ्यांत बघितलं. "शी लुक्ड अ‍ॅट द वॉटर."

आणि खाली बसली.

मॅडम वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अँड देन?"

पिंकीनं माझ्याकडे बघितलं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "मम्मी? अँड देन?"

हाच तो प्रश्न! याच्यासाठी दोन महिने! मला खोटं रचता येत होतं का? मराठीत आलं असतं. इंग्लिशमध्ये माझ्याजवळ होतं काय, तर अंधार, एकटं, अचानक.

तेवढ्यात पिंकी खुर्चीवरून उतरली, पाण्याची बाटली गळ्यात अडकवली आणि मॅडमना म्हणाली, "टुमारो. आय कम. आय टेल."

त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "ठीक है. हम फोन करेंगे."

फॉर्मवर नंबर हंसाबेनच्या दुकानाचा. घरी आल्यावर पिंकीच्या पप्पांनी विचारलं, तर म्हटलं, "गेलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दुकानात. हंसाबेन लाईन जोडायला वाकली आणि फोन वाजला. मी घड्याळात बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं.

हंसाबेननं उचलला, ऐकलं आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "स्कूलमांथी छे!"

मोठ्या मॅडम स्वतः होत्या. पिंकीचं अ‍ॅडमिशन झालं, सोमवारी सही करायला या, असं म्हणाल्या. मी भिंतीला टेकले. मंगलावहिनी माझा दंड हलवून विचारत होत्या, "काय व्हयनं, काय व्हयनं?" मला वाटलं फोन ठेवला असेल. पण नाही, पलीकडून मॅडमचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी बहुतेक केबिनचं दार लोटलं. मग बारीक आवाजात म्हणाल्या,

"अँड देन?"

*

हंसाबेननं कितीदा लाईन जोडली, पण ते पान त्यानंतर पुन्हा उघडलंच नाही. म्हणून एक विनंती. तुमचं कोणी इथंच सुरतला गोडादऱ्याला असेल, इच्छापोरला असेल, जळगाव-धुळ्याला असेल, कोणाच्या घरी कॉम्प्युटर असेल, तर त्यांना विचारा आणि त्यांना सांगा की पुढच्यांनाही विचारा: होडीतल्या म्हातारीचं काय झालं? कळलं की हंसाबेनच्या दुकानात फोन करा. फक्त दुपारी दोन ते तीन करू नका. तेव्हा लाईन बिझी असते, आम्ही शोधत असतो.