बिडी विझायच्या आत

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही. आणि मी कोण, तर ज्याच्या तोंडाला जन्मात झाकण नव्हतं असा माणूस! कोयनेतली मगर माझ्याकडून तंबाखू मागून खायची, आमच्या आज्यानं कराडाहून साताऱ्यापर्यंत एकाच चाकावर गाडी नेली, दुसरं चाक बैलाच्या पाठीवर — असल्या हजार गोष्टी मी चावडीवर सांगितल्या. ही एक तेवढी पोटात ठेवली. का? कारण ही खरी आहे.

लढाईची वर्षं. कराडच्या स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्याला एक कारखाना होता. नाव सांगत नाही, मालकाचा यात काही दोष नाही. एका शेडमध्ये बैलगाड्यांची चाकं व्हायची, दुसऱ्यात रेल्वेचा माल — ट्रॉलीची चाकं, रूळ जोडायच्या पट्ट्या, त्यांचे नटबोल्ट. चाकांच्या शेडमध्ये दाजी लोहार, आणि त्याच्या हाताखाली मी. दाजी आष्ट्याचा. चाकावर लोखंडी धाव बसवण्यात त्याचा हात धरणारा माणूस पुण्यापासून मिरजेपर्यंत नव्हता — आणि हे वाढवून सांगत नाही. धाव चाकापेक्षा बोटभर लहान करायची, लालभडक तापवायची, म्हणजे ती वाढते. चिमट्यानं धरून चाकावर चढवायची आणि लगेच वरून पाणी. निवली की अशी आवळते की आरे कण्हतात. पाणी ओतायचं काम माझं. वाफ, ठिणग्या आणि माझी बडबड. दाजी बोलायचाच नाही. दिवसातून एकदा म्हणायचा, "आण्णा, तोंडावर बी वाईच पानी वता की."

ओतलं असतं तर?

बेचाळीस साल उलटून गेलं होतं. आमच्या मुलखात तारा तुटत होत्या, रूळ सुटत होते. एका मंगळवारी दिवेलागणीला कुणीतरी रुळाच्या जोडाचे नट काढले आणि मालगाडीचे दोन डबे कलंडले. गुरुवारी मी मलकापुरात चहाच्या दुकानात. सगळे तेच बोलत होते — आणि दुसरा बोलतोय, मी ऐकतोय, हे मला कधी सोसलंय? मी मांडीवर थाप मारली. "पाना कशाला लागतोय रं? आमचा दाजी नुसत्या बोटांनी नट सोडवतो! बिडी पेटवायची, दगडावर ठेवायची, ती विझायच्या आत रूळ मोकळा. परवा मंगळवारी बी..." एवढं म्हणून डोळा मारला. लोक खदाखदा हसले. "आण्णा, येताना इंजान बी खिशात घालून आणायचं हुतं की!" कुणीतरी ओरडलं. सगळ्या दुकानाला ठाऊक होतं मी कसला आहे ते. कोपऱ्यात बसलेला एक काळ्या टोपीवाला तेवढा हसला नाही. माझ्या चहाचे पैसे त्यानं दिले.

शनिवारी दाजीला भट्टीपासून उचलून नेलं. सोमवारी फौजदारानं मला बोलावलं.

इथं — मनातल्या मनात सांगतानाही इथं मी नेहमी थांबतो. तुम्हाला वाटेल, मार पडला असेल, बिचारा भ्याला असेल. तसं सांगायला मलाही आवडलं असतं. पण मला कुणी बोटही लावलं नाही. फौजदारानं खुर्ची दिली. टाक शाईत बुडवला आणि म्हणाला, "सावकाश सांग." मी एक वाक्य बोलायचो, तो ते लिहून काढायचा, लिहून होईतो मी वाट बघायची. माझं बोलणं असं कुणी ऐकलं होतं कधी? तो हसला नाही. "पुढं?" म्हणाला. पुढं! — त्या शब्दानं मला चढली. एक वाक्य पुरलं असतं: साहेब, मी थापाड्या आहे, कराडात कुणालाही विचारा. तेवढं वाक्य सोडून मी बाकी सगळं बोललो. बिडी सांगितली, दगड सांगितला, दाजीच्या पटक्याचा रंगसुद्धा सांगितला. आणि खाली सही केली — चांगली झोकदार.

खटला उभा राहिलाच नाही. पाऊस सरल्यावर दाजी परत आला. उजव्या हाताची तीन बोटं वाकडी, मुठीत न मिटणारी. चिमटा धरवेना. शेडच्या दाराशी बसून तो डाव्या हातानं तयार चाकांना तेल पाजायचा. मला त्यानं एकदाच विचारलं, "आवं आण्णा, तुमास्नी न्हाई बोलवलं चौकीवर?"

"न्हाई," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी थाप.

मग स्वातंत्र्य आलं. गावोगाव सत्कार. दाजीलाही धरून स्टेजावर बसवलं. त्यानं हात जोडले — जुळले नाहीत ते — आणि म्हणाला, "म्या काय बी केलं न्हाई वो. रुळाला हात लावला न्हाई." लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. केवढा विनय! आणि त्याच्यावर भाषण कुणी केलं? मीच, दुसरं कोण? समोर एवढी माणसं बघितल्यावर माझी जीभ टाळ्याला लागते होय? बिडी पेटवली, दगडावर ठेवली, ती विझायच्या आत —

टाळ्या थांबेनात. मी वळून पाहिलं. दाजी माझ्या तोंडाकडं बघत होता.

मी शेजारी बसल्यावर तो हळूच म्हणाला, "आण्णा, ह्ये बिडीचं फौजदारानं कागदावरनं वाचलं व्हतं. येक येक बोट धरून." गळ्यातला हार त्यानं नीट केला. "आनि म्या आपला त्येला म्हनतोय — आण्णाला बोलवा. मंगळवारी म्या कुठं व्हतो, त्ये आण्णा सांगंल."

त्यानं हा विषय पुन्हा काढला नाही. कुणाला सांगितलंही नाही. मी कितीतरी वर्षं वाट बघितली — सांगेल, लोक माझ्यावर थुंकतील. नाही. तो गेला, तेव्हा गाव त्याच्या मागं स्मशानापर्यंत चाललं, आणि वाटेत पोरंसोरं एकमेकांना बिडीची गोष्ट सांगत होती. माझ्या हजार गोष्टींतली ही एवढीच लोकांनी खरी मानली. मीही ती सांगत राहिलो. परवा परवापर्यंत.

त्या मंगळवारी दिवेलागणीला दाजी शेडमध्ये चाकावर धाव बसवत होता. आम्ही दोघंच होतो. पाणी मी ओतत होतो.