मागच्या वाट्याला रस्ता

आमच्या घरात कॉम्प्युटर एकच होता आणि त्याच्यावर हक्क सांगणारी माणसं दोन, मी आणि माझा धाकटा भाऊ. पाटोद्याच्या बाजारात आमचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. त्या काळात जो तो सांगत सुटला होता की आता सगळं कॉम्प्युटरवर होणार. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ते मनावर घेतलं आणि औरंगाबादहून एक जुनं मशीन आणलं. विकणाऱ्यानं त्यात नवीकोरी मोठी हार्ड डिस्क बसवून दिली होती, म्हणजे म्हाताऱ्या बैलावर नवी झूल. दुकानात धूळ फार, म्हणून ते घरी माजघरात आलं. अण्णांनी सकाळची पूजा आटोपून मॉनिटरवर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि पुन्हा म्हणून ते त्याच्या वाटेला गेले नाहीत.

मशीनबरोबर आलेली सिस्टिम चोरीची कॉपी होती. ती व्हायरस लागून लवकरच आटोपली. मग मी बीडहून येणाऱ्या एका कॉम्प्युटर मासिकातली सीडी घालून त्यावर लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम चढवली. हे प्रकरण फुकट होतं. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. अण्णा जातिवंत व्यापारी. त्यांना हे काही केल्या पटेना.

"फुकट देतेत म्हंजे माल पडून असंल," ते म्हणाले.

माल पडून नव्हता. मी त्यावर दुकानातल्या पाइपांच्या साठ्याचा प्रोग्राम लिहायला घेतला. कुठल्या इंचाचा पाइप किती उरलाय, जोडायचे कोपरे आणि सॉकेट किती, हे एक कळ दाबताच दिसावं, एवढंच. बी.एस्सी. गावातल्याच कॉलेजात केली होती. पुढं औरंगाबादला शिकायला भाऊ गेला, मी नाही. त्याचं कारण कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही, पण राग होता, आणि तो राग मी त्या प्रोग्रामात ओतत होते.

भाऊ हॉस्टेलातून शनिवारी यायचा. पहिल्याच शनिवारी तो हसत हसत एक सीडी घेऊन आला. तीही लिनक्सच, पण दुसऱ्या घराण्यातलं. त्याच्या मते माझं लिनक्स म्हणजे बाळबोध, खरं ते हेच. मी दुकानात गेले तेवढ्यात त्यानं माझं पुसून स्वतःचं टाकलं. तो सोमवारी गेला, मी त्याचं पुसून माझं टाकलं. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. माझा प्रोग्राम मी फ्लॉपीवर जपून ठेवायचे म्हणून वाचला, नाहीतर पाइपांची गिनती कायमची पाण्यात गेली असती. शेवटी एका रविवारी आम्ही असे काही भांडलो की शेजारच्या काकू कढीलिंब मागायच्या निमित्तानं बघायला आल्या.

"दोन्ही एकात ऱ्हात न्हाईत का?" अण्णांनी विचारलं.

"राहतात," मी म्हणाले. "डिस्कचे वाटे करायचे. एकात याचं, एकात माझं. चालू करताना कोणतं पाहिजे ते सांगायचं."

वाटे म्हणताच अण्णांचे डोळे चमकले. हा त्यांचा प्रांत. पाटोद्याच्या आसपास कुणाही भावाभावांत वाटणी निघाली की दोन्हीकडची माणसं दुकानात येऊन अण्णांना घेऊन जात. ते कुणाकडून पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत आणि झाडापासून गोठ्याच्या पत्र्यापर्यंत सगळं वाटून यायचे. त्यांचा नियम आमच्या भागातला जुनाच होता. वाटे थोरल्यानं करायचे आणि पहिला वाटा धाकट्यानं उचलायचा. म्हणजे थोरला आपोआप सारखे वाटे करतो, कारण उरेल तो त्याच्या गळ्यात येणार असतो.

आता अण्णा पाटावरून उठून खुर्चीवर बसले. "थोरली तू. कर वाटे."

आई स्वयंपाकघरातून हसली. "पोरीचा कसला वाटा हो? उद्या तिचं लगीन झालं की डबा हितंच ऱ्हायचा हाय."

"वाटणी म्हंजे वाटणी," अण्णा म्हणाले. ते मला वाटा देत होते असं नव्हे, ते फक्त नियम पाळत होते. पण मला तेवढंही पुरेसं होतं. दुकानाच्या पाटीवर 'आणि सन्स' लिहिलेलं, शेत भावाच्या नावावर व्हायची वाट बघत असलेलं, आणि या एका डब्यात अर्धं माझं म्हणून कुणीतरी मोठ्यानं बोललं होतं. मला ते अर्धं हवंच होतं, अगदी हट्टानं.

मी डिस्कचे दोन सारखे भाग केले. मध्ये एक छोटी पट्टी ठेवली, मेमरी कमी पडली की दोन्ही सिस्टिमनी वापरायची. अण्णांना ती बांधावरची सामाईक विहीर म्हणून सांगितली. ते खूश झाले. "पाळ्या ठरवून घ्या," म्हणाले. पाळ्यांची गरज नव्हती, एका वेळी एकच सिस्टिम चालणार होती, पण मी मान हलवली.

भावानं डोळे मिटून बोट ठेवलं. "मला पुढचा."

पुढचा त्याला, मागचा मला. त्यानं त्याचं लिनक्स चढवलं, मी माझं. मध्ये दोनदा लाइट गेली आणि दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली, तो भाग सोडला तर सगळं सुरळीत. मग मशीन बंद करून चालू केलं. भावाचं झोकात उघडलं. माझं निवडलं तर पडद्यावर अर्धवट दोन अक्षरं आली आणि मशीन गप्प. पुन्हा केलं, पुन्हा गप्प.

भाऊ लगेच मोठ्या मनाचा झाला. "जाऊ दे ना अक्का. तुझ्या वाट्यात मी माझी गाणी ठिवतो. तू माझ्यातच काम कर."

मी त्याला काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. आठवडाभर मी त्या सीडीत आलेली इंग्रजीतली माहिती वाचत बसले. एक एक ओळ डोक्यात शिरायला अर्धा अर्धा तास. शेवटी रोग सापडला. आमचं मशीन जुनं आणि डिस्क नवी. मशीनला जाग येताना ते डिस्कच्या सुरुवातीचा काही भागच बघू शकत होतं, एका ठरावीक खुणेच्या पलीकडं त्याची नजरच जात नव्हती. माझी सिस्टिम पुरी, धडधाकट, पण त्या खुणेच्या पलीकडं. तिला हाक मारायला कुणी जाऊच शकत नव्हतं. वाटे अगदी सारखे झाले होते, तोच घोळ होता.

पुढच्या शनिवारी भाऊ आला तसं मी अण्णांसमोर हे मांडलं. आधी मशीन, डिस्क, खूण असं सांगून पाहिलं. ते पान लावत नुसतं "हं, हं" करत राहिले. मग मी म्हणाले, "अण्णा, माझं शेत मागं आहे आणि त्याला रस्ता नाही."

पान तसंच हातात राहिलं.

"रस्ता न्हाई?"

"सगळा पुढचा भाग याचा. याच्यातून गेल्याशिवाय माझ्याकडं जाता येत नाही."

अण्णांचा चेहरा खरोखर पडला. जन्मभर लोकांच्या वाटण्या केल्या, आणि दर वाटणीत त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा की मागच्या शेताला गाडीवाट कुठून. ती सोडली नाही की भाऊ भावाच्या मयतीलासुद्धा जात नाही. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीच्या वाटणीत, ते हे विचारायला विसरले होते.

"फ्लॉपी हाय की," भाऊ मध्येच म्हणाला. "फ्लॉपी घातली की हिचं उघडतंय."

"दर येळंला?"

"दर येळंला."

"म्हंजे हिनं रोज दुसऱ्याच्या दारातून जायचं. अन् ती चकती खराब झाली मंग?" फ्लॉप्या आमच्याकडं धुळीनं खराब व्हायच्याच. "ते न्हाई चालायचं. पुढनं हिला वाट काढून दे."

वाट काढता येत होती. डिस्कच्या अगदी तोंडाशी एक लहानशी पट्टी माझ्यासाठी सोडायची, माझी सिस्टिम उठवायला लागणारी तेवढी फाइल तिथं ठेवायची, बाकी सगळं मागं. पण त्यासाठी भावाचं सगळं पुसून त्याला पहिल्यापासून बसवावं लागणार होतं. आणि त्यानं ते किती हौसेनं सजवलं होतं! पडद्यावर चित्र, खिडक्यांना रंग, सगळं काही. तो रुसला. जेवला नाही. "तिचं बोलणं लई ऐकता तुमी," एवढं अण्णांना ऐकवलं. मला त्याची दया येत होती आणि एक इंचही मागं सरायचं नव्हतं, दोन्ही एकदम.

रविवारी सकाळी उठून पाहते तर तो मशीनसमोर बसलेला. स्वतःच स्वतःचं पुसत होता. "तुझी पट्टी किती ठिवू?" त्यानं विचारलं, माझ्याकडं न बघता. मी सांगितलं त्याच्या दुप्पट त्यानं ठेवली. हा माझा भाऊ असाच, आधी तोंड फुगवणार आणि मग मापापेक्षा जास्त देणार. मी त्याला गरम पोहे करून दिले, वर शेंगदाणे जास्त.

दुपारपर्यंत सगळं झालं. जेवणं उरकली होती. अण्णा रस्ता बघायला म्हणून खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. मशीन चालू केलं. दोन नावं आली, एकाखाली एक. मी खालचं निवडलं आणि माझं लिनक्स उघडलं. माझा पाइपांचा प्रोग्राम चालला. मी त्या क्षणी उडी मारली होती, हे खरं आहे.

"परत दाखव," अण्णा म्हणाले.

परत चालू केलं. दोन नावं आली. या वेळी कुणीच काही दाबलं नाही, आम्ही तिघं नुसतेच बघत बसलो. थोडा वेळ थांबून मशीन आपलं आपण पुढं गेलं.

"आता कुणाचं उघडलं?"

"माझं," भाऊ म्हणाला.

"पण त्याला कुणी काय सांगितलंच न्हाई."

"न्हाई सांगितलं की माझं उघडतंय. त्याला कुणाचं तरी धरूनच चालावं लागतंय."

"मंग तुझंच का म्हून?"

भाऊ गोंधळला. त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. "सहज," तो म्हणाला. "सगळे तसंच टाकतेत."

आई ताटं उचलत होती. ती तिथंच थांबली. "तसंच असतंय," ती म्हणाली. "माझ्या बापाचं तलवाड्याचं रान बी असंच उघडलं. मला कुणी इचारलं न्हाई, मी बी काय बोलले न्हाई. झालं भावाचं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आमटीत मीठ कमी पडलं असं सांगावं, तसं तिनं सांगितलं होतं. आजवर तिनं त्या रानाचं नावही काढलेलं मी ऐकलं नव्हतं. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि मी घेतलं नाही, कारण आमच्या घरात तसं कुणी करत नाही.

"थांबायला लावता येतंय त्याला," भाऊ हळूच म्हणाला. "कुणी सांगंपर्यंत पुढंच जायचं न्हाई, असं करता येतंय."

"तसं कर," अण्णा म्हणाले.

भाऊ कीबोर्डच्या कळा बडवायला लागला. अण्णांनी उठून दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या, आज रविवार हे आठवून परत काढल्या, आणि ते आत आले.

"उद्या तलाठ्याकडं जायचं हाय," ते मला म्हणाले. "तू बी चल."

"मी कशाला?"

"आपल्या शेताला तुझं नाव सांगायला. न्हाई सांगितलं तर तिथं बी याचंच धरतेत."

भावानं मान वर केली नाही, पण "मी बी येतो," म्हणाला. आईनं हातातली ताटं जमिनीवर ठेवली, पदराला हात पुसले आणि ती त्या मशीनसमोर पहिल्यांदाच येऊन बसली.