आप्पेपात्रातला ऑक्टोपस

इथे परदेशात, आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये अंडंसुद्धा शिजत नसे. बाहेर मात्र काहीही चालायचं. हा नियम बायकोच्या माहेरचा. मी त्याला नावं ठेवायचो आणि निमूटपणे पाळायचो.

मुलगी तिसरीत असताना डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगात रक्त फार कमी आहे, खाण्यात लोह आणि प्रोटीन वाढवा. लोहाच्या गोळ्यांनी तिला उलटी व्हायची आणि पालक-डाळ दिसली की ती तोंड फिरवायची. आवडायची ती पाया लेबारच्या मॉलमधली ताकोयाकी, म्हणजे पोटात ऑक्टोपसचा तुकडा घातलेले जपानी आप्पेच.

मी इंजिनियर, लगेच वाचायला बसलो. ऑक्टोपसमध्ये प्रोटीन भरपूर, लोह, बी-ट्वेल्व्ह, चरबी नावाला.

"मग औषध समजून देऊ या," बायको म्हणाली. "बाहेरच तर खायचंय."

दर शनिवारी आमची वरात मॉलमध्ये जाऊ लागली. इतक्या आनंदात कुणी औषध घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या तपासणीत रक्त होतं तेवढंच. बायको दवाखान्यातच रडली. त्या शनिवारी मी काडीने एक गोळा फोडून बघितला. मैदा, कोबी, वर मेयोनीज आणि गोड सॉस. ऑक्टोपस तुरीच्या दाण्याएवढा. मी वाचलं होतं त्यातलं पोरीच्या पोटात औषधालाही जात नव्हतं.

रविवारी बायकोने बाजारातून ऑक्टोपस आणला. देव्हाऱ्याचा पडदा ओढला, नाकाला ओढणी बांधली आणि तिच्या आईने दिलेलं बिडाचं आप्पेपात्र गॅसवर ठेवलं.

"यात?" मी विचारलं.

"मग कशात करू? खळग्यांचं दुसरं भांडं आहे का घरात?"

पीठ बेताचं, तुकडे मोठाले. मला तिचा अभिमान वाटला.

पोरीने बशी घेतली आणि सरळ दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन चपलांशेजारी बसली.

"अगं, तिथे काय बसलीस?" बायकोने विचारलं.

"आई, धिस वन इनसाइड कॅनॉट लाह," ती शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली. "हे घरात चालत नाही ना?"

बायको बाहेर गेली. तिने पोरीला बशीसकट उचललं आणि आत आणून ओट्यावर बसवलं. एवढी मोठी पोर, पण उचलताना तिला जराही जोर लावावा लागला नाही.