न तपासलेला ताप

मृणालिनी नाबर भांडायला कधी घाबरली नाही. गिरगावातली खोली विकून ती आणि नवरा यतीन भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कात राहायला आले, तेव्हा बिल्डिंगमध्ये पाण्याची बोंब होती. पहिल्याच उन्हाळ्यात तिने बिल्डिंगमधल्या बायका गोळा केल्या आणि पाणीखात्याच्या साहेबासमोर रिकाम्या बादल्या मांडून बसली. तेव्हापासून कुठलीही तक्रार असली की लोक तिच्या दारावरची बेल वाजवत. इन्शुरन्स कंपनीतली नोकरी, घर, मुलगी, हे सगळं सांभाळून ती जात असे. तिला ते आवडायचंही. आपल्यामागे माणसं उभी राहतात, याचं तिला आत कुठेतरी सुख होतं.

तिची इशिता २००९ साली चौथीत होती. तिला आणि शेजारच्या चार-पाच मुलांना लीलाधर रिक्षाने शाळेत सोडायचा. हा भाईंदर पूर्वेच्या खारी गावातला. बाप मिठागरात राबलेला, बायको चंद्रावती मासळी विकायची. लीलाधर मुलांच्या बाबतीत फार जपणारा. वळणावर रिक्षा हळू घ्यायचा, आणि कुणाची आई खाली यायला उशीर झाला तर मूल ताब्यात दिल्याशिवाय हलायचा नाही.

त्या वर्षी जुलैअखेरीस स्वाइन फ्लूच्या बातम्या यायला लागल्या. पुण्यात एक मुलगी दगावली आणि सगळीकडे घबराट पसरली. मेडिकलवाल्यांकडचे मास्क संपले. बायका रुमालात कापूर-वेलची बांधून फिरू लागल्या.

अशातच एका सोमवारी सकाळी इशिता अंगात कणकण घेऊन उठली. खोकलाही होता. त्या दिवशी तिची युनिट टेस्ट होती आणि मृणालिनीच्या ऑफिसात ऑडिट. यतीन टूरवर गेलेला. सुट्ट्या तर तिने मे महिन्यातच संपवल्या होत्या.

"आई, मला बरं नाही वाटत," इशिता म्हणाली.

"हवा बदललीय गं. औषध घे, पेपर दे, आल्यावर झोप." तिने तापाचं औषध पाजलं, केस विंचरले आणि पोरीला खाली नेलं.

संध्याकाळी लीलाधरचा फोन आला. "ताई, पोरीला ताप हाय. येताना मळमळतंय बोलली, म्हणून पुढं माझ्याशेजारी बसवली. डोकं माझ्या खांद्यावर टाकून झोपली व्हती. उद्या नका पाठवू."

"साधी सर्दी आहे हो," मृणालिनी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता, म्हणून इशिताला शेजारच्या मावशींकडे ठेवलं. बुधवारी ताप उतरल्यासारखा वाटला आणि गणिताचा पेपर होता. तिने पुन्हा औषध दिलं आणि पुन्हा पाठवली. तपासणी मुंबईतल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, तिथे रांगेत दिवस जायचा. शिवाय काही निघालंच तर पोरीला वेगळं ठेवतील, ही भीतीही होती. शुक्रवारपर्यंत इशिता खेळायला लागली आणि मृणालिनी तो विषय विसरली.

पुढच्या आठवड्यात सरकारने शाळा बंद केल्या. आदल्या रात्री कुणाला पत्ता नाही, सकाळी मुलं दप्तरं घेऊन गेटपाशी आणि गेटला नोटीस. किती दिवस बंद, तेही धड कळेना. टीव्हीवर एक मंत्री एक सांगे, दुसरा दुसरंच. इकडे बाजार भरलेले, रस्त्यावर दहीहंडीच्या तालमी चालू. नोकरी करणाऱ्या आया रडकुंडीला आल्या. मुलांना ठेवायचं कुठे?

लोक मृणालिनीकडे आले. तिने पालकांचं शिष्टमंडळ महापालिकेच्या ऑफिसात नेलं. खुर्चीतल्या अधिकाऱ्याने "वरून आदेश आहे," एवढंच उत्तर दिलं, तेव्हा तिचा आवाज चढला.

"वरून म्हणजे कुठून? औषध कुठे मिळतं ते तुम्हाला माहीत नाही, तपासणी कुठे करायची ते माहीत नाही, आणि शाळांना मात्र कुलूप! हंडी फोडताना रोग पसरत नाही काय? या पोरांचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण, ते तरी सांगा."

मागे उभ्या असलेल्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. एका स्थानिक पेपरात तिचा फोटो आला. दुसऱ्या मजल्यावरच्या अल्पेशभाईंनी तो कापून सोसायटीच्या फळ्यावर लावला. त्यांची रुचिता इशिताच्याच रिक्षातून जायची.

फोटो आला त्याच दिवशी भाजी घेताना तिला कळलं, की लीलाधर सरकारी हॉस्पिटलात आहे. ताप, धाप, छातीत पाणी. तपासणीत तेच निघालं होतं.

तिच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "किती दिवस झाले?" एवढंच तिने विचारलं. भाजीवालीने सांगितलं त्यावरून तिने मनात मोजलं. आकडा जुळत होता. कदाचित नसेलही जुळत. रिक्षावाला माणूस, दिवसभरात शंभर जणांच्या संपर्कात येतो, कुठूनही लागलं असेल. घरी येईपर्यंत तिने स्वतःला हे बऱ्याचदा सांगितलं. पण डोळ्यांपुढे एकच दिसत होतं: पोरीचं तापलेलं डोकं त्याच्या खांद्यावर.

यतीनला तिने सांगितलं. तो म्हणाला, "इशिताची टेस्ट झालीच नाहीये. तुला माहीत नाही, मला माहीत नाही. उगाच अंगावर ओढून घेऊ नकोस."

तिने ते मानलं. मानणं सोयीचं होतं.

शाळा उघडायची वेळ आली तशी सोसायटीच्या ऑफिसात पालकांची मीटिंग बसली. लीलाधर वाचला होता, घरी आला होता, गणपतीनंतर रिक्षा चालवीन म्हणून त्याने निरोप पाठवला होता. अल्पेशभाईंनी विषय काढला.

"देखो, आदमी अच्छा आहे, मना नाही. पण आता आपन रिस्क कशाला घ्यायचा? उसके घर में कौन कैसा, किसको पता. गाव में तो साफसफाई पण नसते. आपल्या मुलांना त्यानेच दिला असता तर?"

"तो आजारी असताना आपली मुलं त्याच्याच रिक्षात होती," एक आई शहारून म्हणाली. "नशीब समजा."

सगळ्यांनी मृणालिनीकडे पाहिलं. अध्यक्षाच्या खुर्चीत तीच बसली होती. आत्ता एक वाक्य बोललं की झालं, हे तिला कळत होतं. त्याने नाही, बहुतेक माझ्या मुलीने त्याला दिला. ज्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, तेच लोक समोर होते.

"व्हॅन लावूया," ती म्हणाली. "लीलाधरना मी कळवते."

कळवलं मात्र नाही. गणपतीनंतर व्हॅन सुरू झाली त्या सकाळी लीलाधर धुतलेली, हार घातलेली रिक्षा घेऊन गेटवर आला होता. तिने ते खिडकीतून पाहिलं. वॉचमनने त्याला काहीतरी सांगितलं. तो थोडा वेळ हँडल धरून तसाच बसला. मग त्याने वर बिल्डिंगकडे पाहिलं आणि मृणालिनी पडद्याआड झाली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणापासून लपली होती.

त्यानंतर तिला जेवण गोड लागेना. ऑफिसात चुका व्हायला लागल्या. फळ्यावरचा तो फोटो दिसला की ती मान खाली घालून जायची. शेवटी एका रविवारी दुपारी ती एकटीच खारीला गेली.

लीलाधर ओटीवर बसला होता. निम्मा झाला होता. दोन शब्द बोलला की श्वास घ्यायला थांबत होता. चंद्रावती दारात जाळीची टोपली धूत होती. तिने पाट दिला नाही, जा म्हणालीही नाही.

मृणालिनीने उभ्यानेच सांगून टाकलं. औषध देऊन पाठवलं ते, बुधवारी पुन्हा पाठवलं ते, मीटिंगमध्ये गप्प बसले ते. सांगताना रडू आलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

लीलाधरने तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी सांगलेलं तुमाला फोनवर."

"हो."

"तुमी सर्दी बोललात."

"हो."

चंद्रावतीने टोपली खाली ठेवली. "आता आलीस ती कशाला गं? तुझ्या पोटात व्हतं ते इथं वतलंस, तू मोकळी झालीस. आमी काय करू त्याचं? याला धाप लागते रातीला, ती काय जानार हाय?"

"मी सगळ्या पालकांना सांगते. तुमची मुलं परत येतील."

"त्यांना सांग नायतर नको सांगू. इथं रडू नको. पोरं बघतात."

मृणालिनीने त्याच आठवड्यात मीटिंग बोलावली आणि सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, लोक चिडतील, पण लीलाधरला न्याय मिळेल. लोक चिडले तेवढंच खरं ठरलं.

अल्पेशभाई उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मेरी रुचिता पण त्याच रिक्षात होती, बेन! दोन दिवस! तुम्ही वहां जाऊन साहेबाला विचारत होता जबाबदार कौन. आणि घरात..." तिने मान खाली घातली. उत्तर मागण्याचा त्यांना हक्क होता.

"लीलाधरला तरी परत बोलवा," ती म्हणाली.

"त्याची तब्येत आता तशी नाही ना," कुणीतरी म्हणालं. "मधेच धाप लागली तर? मुलं आहेत रिक्षात." यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. दोन घरं तयार झाली, पण दोन मुलांवर रिक्षा चालत नाही. दिवाळीनंतर लीलाधरने परमिटसकट रिक्षा काढून टाकली आणि मुर्धा गावात मेव्हण्याकडे, गुणवंतकडे, सुकी मासळी वाळवायच्या कामाला लागला. बसून करता येण्यासारखं काम होतं.

सोसायटीत मृणालिनीला कुणी वाईट बोललं नाही. फक्त बेल वाजायची बंद झाली. सरकारविरुद्धचा लोकांचा राग तर होताच, तो खोटाही नव्हता. गोंधळ घातला होता तो सरकारनेच, औषधं लपून बसली होती ती सरकारी कपाटातच. पण कुणी तिच्यासमोर तो विषय काढला की ती म्हणायची, "मला नका विचारू." ऑफिसातलं प्रमोशन तिने त्या वर्षी नाकारलं, त्यात बाहेरगावी जावं लागणार होतं आणि इशिताला दुसऱ्यांवर सोपवून तिला जायचं नव्हतं. यतीनला कारण कळलं.

जानेवारीत, एका शनिवारी दुपारी, इशिता व्हॅनमधून उतरून सरळ स्वयंपाकघरात आली. दप्तरही काढलं नव्हतं.

"आई, रुचिता म्हणते लीलाधरकाकांना माझ्यामुळे फ्लू झाला. म्हणून ते येत नाहीत."

मृणालिनीच्या हातात कणीक होती. सरकारला, शेजाऱ्यांना, चंद्रावतीला द्यायला तिच्याकडे काही ना काही शब्द होते. हिच्यासाठी तिने एकही राखून ठेवला नव्हता. सगळ्यांना सांगत सुटली, आणि ते फिरून पोरीपर्यंत येणार हे लक्षातच आलं नव्हतं.

ती खाली बसली. "तू मला सांगितलं होतंस बरं नाही म्हणून. सांगितलं होतंस ना?"

"हो."

"मग तुझं काम तू केलंस. ऐकलं नाही ते मी. पाठवली मी. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे."

इशिता तिच्याकडे पाहत राहिली. "पण मी त्यांच्या खांद्यावर झोपले होते," ती हळूच म्हणाली. "खोकले पण होते."

मृणालिनीने कणकेच्या हातांनीच तिला जवळ ओढलं. पोर आली, पण अंग सैल सोडलं नाही तिने. दप्तराचे बंद दोन्ही मुठींत घट्ट धरून ती तशीच आईच्या कुशीत उभी राहिली.