मांजरपाटाचं वासरू

पोरांची कापडी खेळणी कशी धुवायची ते मला विचारा. पाणी थंड घ्यायचं, साबण नावाला. पिळायचं अजिबात नाही, टॉवेलात गुंडाळून हलक्या हाताने दाबायचं. जुनं असेल, जिवाचं असेल, तर पोटाची शिवण उसवून आतला भराव वेगळा काढायचा, नाहीतर तो आतल्या आत कुजतो. हे सगळं मी आईच्या दहाव्याच्या दिवशी धरणगावला माहेरच्या अंगणात, भावजयीला ओरडून ओरडून सांगितलं. चार घरं पलीकडे ऐकू गेलं असेल. फार शहाणी होते मी.

खेळणं म्हणजे एक वासरू. पांढऱ्या मांजरपाटाचं, काळ्या दोऱ्याचे डोळे, एक कान जरा वाकडा. आईने हाताने शिवलेलं. त्याच वर्षी आषाढात डोळे दाखवायला ती धुळ्याला माझ्याकडे आली, तेव्हा पिशवीतून काढून माझ्या लेकीच्या मांडीवर ठेवलं. लेक सहा वर्षांची. त्या दिवसापासून वासराशिवाय तिला झोप नाही. आई जाताना मला म्हणाली, "याले धोवू नको वं. रंग सुटी." मी हसले. पांढऱ्या मांजरपाटाला कुठला आलाय रंग? म्हातारपणी काहीही बोलते, असं मनाशी म्हटलं आणि विसरून गेले.

आई दिवाळीनंतर गेली. निरोप आला तशी मी लेकीला आणि वासराला घेऊन निघाले. आता ते वासरू म्हणजे आईच्या हातची शेवटची वस्तू, म्हणून दहा दिवस मी ते कपाटावर जपून ठेवत होते. लेकीला झोपताना द्यायचे, सकाळी परत वर.

दहाव्याला भावजयीने घर धुवायला काढलं. गोधड्या, चादरी, पडदे, उशांचे अभ्रे. सुतकात घरात असलेलं कापड म्हणून वासरूही गेलं. मी मागच्या दारी आले तर ते बादलीत बुडालेलं. उचलून बघते तो पोट गुलाबी, मानेवर हिरवट डाग, पायांकडे काहीतरी जांभळं उतरलेलं.

माझं डोकंच फिरलं. काय बोलले नाही तिला! काडीची अक्कल नाही, रंगीत कपड्यांत पांढरं टाकतं का कोणी, माझ्या आईची एक वस्तू होती तीही ठेवली नाहीस. पाहुण्या बायका होत्या, त्यांच्यासमोर तिचा पाणउतारा केला. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. दहा दिवस सगळ्या बायका तिचंच कौतुक करत होत्या, सासूचं किती केलं म्हणून. माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या.

भावजय खाली मान घालून एवढंच म्हणाली, "या बादलीत दुसरं काहीच नव्हतं, अक्का. आतूनच निंघस तो रंग."

"आतून? आत कापूस आहे! कापसाला रंग असतो?"

मी घरातून ब्लेड आणलं आणि पायरीवर बसले. शिवणीला हात लावला तशी भावजय झटक्यात जवळ आली. "अक्का, उसवू नका. तसंच वाळू द्या. तुमच्या पाया पडते."

मी कशाला ऐकतेय! टराटरा उसवलं.

आत कापूस नव्हता. शेतातल्या कापसाचा खोलीत ढीग लागतो त्या घरात, आणि वासरात बोटभरही कापूस नाही. आत चिंध्या होत्या, साडीच्या. राणी, मोरपंखी, जांभळी, शेंदरी. नव्याकोऱ्या. ओल्या असूनही खळ जाणवत होती. एका तुकड्याच्या काठाला कंपनीचं स्टिकर अजून चिकटलेलं. कधीच न धुतलेल्या साड्या होत्या, पहिल्या पाण्याला रंग सोडणारच.

चारही मीच पाठवलेल्या.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते. सासुरवाशिणीचा वर्षातला तोच हक्काचा सण. आई महिनाभर आधी फोन करायची, कधी येशील? मी म्हणायचे, "बघते गं, जमलं तर." मग आदल्या आठवड्यात मोबाइलवर एक साडी निवडायची, पत्ता धरणगावचा टाकायचा, झालं. पार्सल परस्पर घरी. मी ती साडी हातातसुद्धा घेतलेली नसायची. अशी चार वर्षं. धुळ्याहून धरणगाव किती लांब? दोन तास. कामं होती, ऊन होतं, हे सगळं मी सांगत असे. खरं कारण कंटाळा. माहेरी जाऊन त्याच त्या गप्पा ऐकायचा कंटाळा.

भावजय शेजारी बसली. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. म्हणाली, पार्सल आलं की आई फोडायच्या, हात फिरवायच्या आणि पेटीत ठेवून द्यायच्या. नेसा म्हटलं तर म्हणायच्या, "आंडेर ई तव्हय तिनामोरे नेससू." लेक आली की तिच्यासमोर नेसेन. चौथी आखाजी गेली. मग एका दुपारी पेटी उघडली, चारही साड्या काढल्या आणि कात्री घेऊन बसल्या. ही अडवायला गेली तर एवढंच बोलल्या, "आते काय येत नही ती."

मला आईचा राग आला. अजूनही येतो. बोलायचं होतं ना तोंडावर! शिव्या घालायच्या, फोन आपटायचा. ते नाही. कापून, ठासून भरून, शिवून माझ्या घरात आणून ठेवलं, आणि माझी पोरगी चार महिने ते उराशी घेऊन झोपली.

भावजयीने घरातला स्वच्छ कापूस आणून पुढ्यात ठेवला. मी नको म्हटलं. चिंध्या सावलीत वाळवल्या, होत्या तशा परत भरल्या, शिवण घातली. माझे टाके आईसारखे नाहीत, वाकडेतिकडे आलेत. डाग गेले नाहीत. भावजयीची माफी मागायला हवी होती, तीही मागितली नाही. बस आली, निघाले.

परवा तिचा फोन आला. आवाजात कुठे कडवटपणा नाही. म्हणाली, "अक्का, आई नाहीत म्हणून काय झालं, घर आहे ना. आखाजीला या." लेक समोरच बसली होती, वासराचा वाकडा कान सरळ करत.

आणि माझ्या तोंडून निघालं, "बघते गं, जमलं तर."