स्वतःच्या विरुद्ध दोन मिनिटं

काही किस्से आपण जमवत नाही, ते घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे आपोआप साठत जातात. एक काढायला जावं तर मागोमाग चार बाहेर येतात. आमच्या रिझर्व्हिस्ट संघटनेचं अगदी तसंच आहे.

आधी ओळख करून देतो. मी आठव्या वर्षी आईबाबांबरोबर पुण्याहून सिंगापूरला आलो. पुढे पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी झालो. अशा मुलांनाही लष्कर सक्तीचं असतं, त्यामुळे अठराव्या वर्षी इथल्या मुलांसारखं डोकं भादरून दोन वर्षं लष्करात काढली. ती संपली तरी सुटका नसते. त्यानंतर बरीच वर्षं अधूनमधून कॅम्पचं बोलावणं येतं आणि मग बँकर, शिक्षक, टॅक्सीवाला सगळे पुन्हा शिपाई होतात. अशा वीसेक जणांची आमची संघटना. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी टॅम्पिनीसच्या एका हॉलमध्ये जमायचं, कायद्यात काय बदल हवेत ते ठरवायचं आणि सरकारला पत्र लिहायचं. मी सेक्रेटरी आहे, कारण माझ्या पहिल्या मीटिंगला एकट्या माझ्याकडे पेन होतं.

"घरातले पडदे बदलायला तुला सहा महिने लागले," माझी बायको मृणाल म्हणते, "आणि तिकडे कायदे बदलतोस!"

*

आमच्याकडे एक विचित्र रिवाज आहे. जो सूचना आणेल त्याने आधी दोन मिनिटं स्वतःच्याच सूचनेविरुद्ध बोलायचं. त्याशिवाय मतदान होत नाही. हा रिवाज कुणी घातला ते कुणालाच माहीत नाही. अध्यक्ष सुब्रा शाळेत गणित शिकवतात. ते म्हणतात, यामुळे निम्म्या सूचना घरीच मरतात आणि आपला शनिवार वाचतो.

माझी पहिली सूचना अशी होती, की पस्तिशीनंतर फिटनेस टेस्टमधलं धावणं कमी करावं. तयारी जोरदार केली होती. विरुद्ध बोलायला उभा राहिलो आणि म्हणालो, शत्रू काही आपलं वय विचारून हळू पळणार नाही. मग पोट सुटणं हा कायद्याचा दोष नाही, असंही म्हणालो. मग बायको रोज जे म्हणते ते सगळं म्हणालो. टाळ्या पडल्या. सूचना एकमताने फेटाळली गेली, आणि त्या एकमतात माझंही मत होतं.

*

फैझल टॅक्सी चालवतो. त्याच्याइतका कमी बोलणारा टॅक्सीवाला मी पाहिलेला नाही. एकदा तो पिशवीतून एक बूट घेऊन आला आणि टेबलावर ठेवला. कॅम्पचे बूट वर्षभर कपाटात पडून असतात, आणि पहिल्याच दिवशी कवायतीला पाऊल टाकलं की सोल सुटून मागे राहतो. आम्हा सगळ्यांचं कधी ना कधी झालंय. त्याचं म्हणणं, कॅम्पच्या महिनाभर आधी बूट तपासून द्यावेत असं कायद्यात लिहा.

सुब्रांनी चष्मा लावून कायदा वरपासून खालपर्यंत चाळला. त्यात बुटांचा उल्लेखच नव्हता. ही बाब कायद्याची नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

फैझलने शांतपणे विचारलं, "मग मी पत्र पार्लमेंटला लिहू की चांभाराला?"

आम्ही पार्लमेंटला लिहिलं. फैझल चांभाराकडेही गेला. चांभाराचं उत्तर लवकर आलं.

*

पत्रांना उत्तरं नेहमी येतात, हे कबूल केलं पाहिजे. सभ्य, तीन ओळींची असतात. आपल्या सूचनेबद्दल आभार, तिची नोंद घेतली आहे. सुब्रा ती पत्रं तारखेप्रमाणे फाइल करतात. फाइल आता इतकी जाड झालीय, की तिच्यासाठी दुसरी घ्यावी अशी सूचना पुढच्या महिन्यात येते आहे. तिच्याविरुद्धही कुणीतरी दोन मिनिटं बोलेलच.

माझी अकरा वर्षांची लेक इरा एकदा माझ्या खांद्यावरून असं एक पत्र वाचत होती. इथल्या मुलांसारखं शेवटी 'ला' जोडत म्हणाली, "बाबा, हे म्हणजे टीचर 'आय विल सी' म्हणते ना, तसं आहे, ला."

*

आता कॅप्टन हेन्री. माझं सगळं कुतूहल या माणसाभोवती फिरतं. हेन्री दरवर्षी एकच सूचना आणतात: कॅम्पमध्ये असताना आई किंवा वडील गंभीर आजारी असल्याचा निरोप आला, तर त्या शिपायाला त्याच तासाला सोडायचं. वरिष्ठाला विचारायचं नाही, त्याच्या मर्जीवर ठेवायचं नाही, हक्क म्हणून सोडायचं. कुणाला पटणार नाही? पण हेन्री दरवर्षी हरतात, आणि ते त्यांच्या त्या दोन मिनिटांमुळे. आवाज न चढवता ते म्हणतात, "आज एकाची आई आजारी पडेल, उद्या दहा जणांची. खरं-खोटं कोण बघणार? एक गेला की नऊ जणांचा सराव बुडतो. उद्या दुपारी बघू. हॉस्पिटलात डॉक्टर आहेत, तू जाऊन काय करणार?"

ऐकणाऱ्याचे हात वर जातच नाहीत. एका वर्षी त्यांना दोन मतं पडली होती. त्यात त्यांचं स्वतःचं नव्हतं. फैझल तर या सूचनेवर कधीच मत देत नाही, हाताची घडी घालून बसतो.

माणूस स्वतःला इतकं मन लावून कसा हरवू शकतो, हे कोडं मला कित्येक वर्षं सुटत नव्हतं. त्यात आमचा एक नियम आहे, पन्नाशी झाली की सभासदत्व संपतं. हेन्री यंदाच्या मीटिंगच्या महिन्यातच पन्नास वर्षांचे होणार होते. म्हणजे त्यांची ही शेवटची संधी होती.

*

मीटिंगच्या आदल्या शनिवारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, फैझल भेटला. चहा घेताना मी सहज म्हणालो, हेन्रींना स्वतःविरुद्धचे हे मुद्दे कुठून सुचले कोण जाणे.

"सुचलेले नाहीत," फैझल म्हणाला. "एकदा बोललेले आहेत. शब्द न् शब्द."

मग त्याने सांगितलं. बारा वर्षांपूर्वी तो हेन्रींच्या हाताखाली कॅम्पला होता. दुपारी हॉस्पिटलातून फोन आला, आईची तब्येत बिघडली होती. तो हेन्रींकडे गेला. हेन्रींनी त्याला जे सांगितलं, तेच ते दरवर्षी उभं राहून सांगतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला सोडलं. आई सकाळीच गेली होती.

मी विचारलं, मग तू त्याच खोलीत येऊन बसतोस कशाला?

"बघायला," तो म्हणाला. "एखाद्या वर्षी तरी त्यांना हे बोलवेनासं होतं का ते."

*

मीटिंगच्या शनिवारी हेन्री उभे राहिले. सूचना वाचली. सुब्रांनी घड्याळ लावलं. हेन्रींनी तोंड उघडलं आणि मिटलं. पहिलं मिनिट गेलं. दुसरं मिनिटही गेलं.

सुब्रांनी कळवळून सांगितलं, की विरुद्ध बोलल्याशिवाय मतदान घेता येत नाही. मी गेल्या वर्षीच्या इतिवृत्ताचं पान काढून पुढे सरकवलं. हेन्रींनी ते हातातही घेतलं नाही.

तेव्हा फैझल उठला. विरुद्ध मी बोलतो, असं म्हणाला. हे रिवाजात बसत नव्हतं, पण सुब्रांनी घड्याळ परत लावलं. फैझल हेन्रींच्या समोर जाऊन उभा राहिला आणि त्याने सगळं म्हणून दाखवलं. आज एकाची आई, उद्या दहा जणांची. खरं-खोटं कोण बघणार. नऊ जणांचा सराव. उद्या दुपारी बघू. तू जाऊन काय करणार. कागद नव्हता, आणि कुठे अडखळलाही नाही.

सूचना मांडणाऱ्याला उत्तर द्यायचंय का, असं सुब्रांनी विचारलं.

हेन्री ताठ उभे होते. "जा, फैझल," ते म्हणाले. "आत्ताच जा."

फैझल जागचा हलला नाही. त्याने हात वर केला. मतदान अजून पुकारलंही नव्हतं.