शिक्रा, सरडा आणि शेजारच्या खाला

पाय मोडला तेव्हा मी अंबडच्या एका शाळेत शिकवत होते. प्लास्टर निघालं, हाडही जुळलं, पण काठी सुटेना. डॉक्टर म्हणाले, "आता फक्त भीती उरलीय." ते मलाही कळत होतं, पाऊल मात्र उचलत नव्हतं.

शेजारच्या खाला गोधड्या शिवायच्या. साठी उलटलेली. एका सकाळी दारात येऊन म्हणाल्या, "चल बेटा, माळावर जाऊ. घरात बसून कोण बरं झालंय?" मग तो सगळा उन्हाळा त्यांनी मला रोज माळावर नेलं.

तिथल्या बाभळीवर एक शिक्रा, ससाण्यासारखा छोटा शिकारी पक्षी, बसायचा. राखाडी पाठ, लालभडक डोळे. माझी नजर त्याच्यावरून हटत नसे. खालांचा जीव मात्र एका सरड्यावर. एरवी तो मातीच्याच रंगाचा. पण दगडावर चढून गळ्याखालचा कातडीचा पंखा उघडला, की निळा, काळा, नारिंगी असे रंग झळकायचे.

"असा रंग माझ्या एका चिंधीत न्हाई," खाला म्हणायच्या.

"पण शिक्र्याचा रुबाब बघा ना!"

"त्याला पंख हायेत, नख्या हायेत. रुबाब करंलच की. ह्याच्याकडं काय हाय? तरी उघड्यावर बसून मादीला रंग दाखवून राह्यला. बहाद्दर हाच."

हा वाद रोज चालायचा. बोलता बोलता मी किती चालले, ते लक्षातही यायचं नाही.

एक दिवस सरडा पंखा फुलवून बसला होता आणि शिक्रा बाभळीवरून सुटला. मी "हाट! हाट!" ओरडत धावले. शिक्रा वळला, सरडा दगडाखाली शिरला. मागे बघते तर काठी खालांच्या पायाशी पडलेली, आणि मी वीसेक पावलं पुढे.

खाला पदरानं डोळे पुसत होत्या. मग एकदम रागावल्या, "त्या शिक्र्याच्या तोंडचा घास घालवलास! त्याचीबी पिल्लं असतील की!"

हसता हसता मलाही रडू आलं.

शाळा सुरू झाल्यावर मी पेढे घेऊन आभार मानायला गेले. त्या म्हणाल्या, "मंग मला तरी माळावर कोण नेणार होतं? एकटी शिवून शिवून मीबी कंटाळले होते."

हे मला तोवर सुचलंच नव्हतं. आता सुटीच्या दिवशी मीच त्यांना हाक मारायला जाते.